बिनवल्ह्याची होडी

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. धूळ माझ्यावर बसली आहे, तुमच्यावर नाही. कळव्याच्या या शाळेतल्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांमागे आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या आडोशाला जे पिवळट पडलेलं खोकं दिसतं आहे ना, तो मी. मी या शाळेतला सगळ्यात पहिला संगणक. एके काळी माझ्या दाराबाहेर चपलांची रांग लागायची. आता कुणीतरी स्नेहसंमेलनातला पुठ्ठ्याचा मुकुट माझ्या डोक्यावर ठेवून गेलं आहे. म्हणजे राजा मी अजूनही आहे, पण अडगळीचा.

तुम्ही म्हणाल, जुनी वस्तू तोंड उघडते ती रडगाणं गायलाच. खरं आहे. पण माझं रडगाणं जरा उफराटं आहे. मला कुणी पाडलं नाही, फोडलं नाही, माझ्यावर शाई सांडली नाही. माझं जे वाटोळं झालं ते मला फार जपलं म्हणून झालं.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा आठवतो का? माझी पहिली आठवण आहे ती सहदेव शिपायाच्या खांद्याची. शहाऐंशी साल होतं. सहदेव मला टेंपोतून उतरवून जिना चढत होता आणि पायरीपायरीवर मागून एक बारीक, करडा आवाज येत होता, "सहदेव, सावकाश. अरे, बाळंतिणीला आणतोयस असं समज." तो आवाज आमच्या मुख्याध्यापिकांचा, सरोज टिपणीस बाईंचा. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची. उंचीनं त्या सातवीतल्या मुलींएवढ्याच होत्या, पण त्यांना मोठ्या म्हणताना कुणाला हसू आल्याचं मी पाहिलं नाही.

सरकारच्या एका योजनेतून थोड्याच शाळांना संगणक मिळणार होते. त्यात आपल्या शाळेचं नाव यावं म्हणून बाईंनी ठाण्याच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या होत्या की तिथला पहारेकरी त्यांना घरच्यासारखा "आलात का बाई?" असं विचारायचा. मी आलो, पण शिक्षकांच्या खोलीत माझं स्वागत काही पेढ्यांनी झालं नाही. कुणी म्हणालं, हे यंत्र आलं की मास्तरांनी घरी बसायचं. कुणी म्हणालं, पोरांना पाढे येत नाहीत आणि हे नवीन थेर कशाला. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ही मुलं उद्या कुठेही नोकरीला गेली तरी हे यंत्र त्यांच्यासमोर येणार आहे. ठाण्यातल्या मोठ्या शाळांतल्या मुलांचं काही अडणार नाही. खाडीकाठच्या मुलांना आपण नाही दाखवलं, तर कोण दाखवणार? माझं एवढंच म्हणणं आहे. या शाळेतून बाहेर पडणारं एकही मूल याला हात न लावता जायचं नाही."

हात न लावता. हे शब्द नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ त्यांचाच झाला.

प्रयोगशाळेशेजारची छोटी खोली मला मिळाली. चित्रकलेच्या बाबुराव सरांनी एक पाटी रंगवली, निळ्या रंगावर पिवळी अक्षरं, 'जपून वापरा'. ती दारावर लागली. कळव्याच्या मैदानाची लाल धूळ मुलांच्या पायांबरोबर आत येऊ नये म्हणून बाईंनी चपला बाहेर काढायचा नियम केला. नियम साधा होता, धुळीपुरता. पण आपल्याकडे दाराबाहेर चपला निघाल्या की आत देव असतो, हे शाळेत आलेल्या आयांना कुणी वेगळं सांगायला नको. डोक्यावर पदर घेऊन त्या दारातूनच मला हात जोडायच्या. बाई हसायच्या. "अहो, देव नाही तो, यंत्र आहे," म्हणायच्या आणि विसरून जायच्या. मलाही तेव्हा मौज वाटायची. कुणी हात जोडले की आपण मोठे झालो असं कुणाला वाटत नाही?

माझ्यात एक कासव होतं. खरं म्हणजे पडद्यावरचा एक चिमुकला त्रिकोण, पण त्याचं नाव कासव. 'फॉरवर्ड' लिहून आकडा दिला की ते पुढे सरकायचं आणि मागे रेघ सोडायचं. 'राइट' म्हटलं की उजवीकडे वळायचं. मला मराठी येत नव्हतं आणि आमच्या मुलांचं इंग्रजी माझ्या मराठीपेक्षा फार बरं नव्हतं. बाईंनी पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत दोन्ही भाषांतले शब्द लिहून भिंतीवर टांगले. पोरं ते पुठ्ठे बघून एकेका बोटानं माझ्या कळा शोधायची, चुकायची, ओरडायची. कासव भलतीकडे पळालं की, "अरे ते बघ, गेलं मुंब्र्याला!" असा गलका व्हायचा. माझ्या कळांवर शेंगदाण्याचं तेल लागलं, खडूची पूड पडली, एका कळीवरचं अक्षर पार झिजून गेलं. मी कधी इतका मळकट नव्हतो आणि कधी इतका सुखीही नव्हतो.

आता देवस्थळी सरांबद्दल सांगतो. हरिहर देवस्थळी गणिताचे सर. शिस्तीचे, स्वच्छ धोतरासारखे निर्मळ. त्यांच्या फळ्यावरची आकृती पट्टीनं काढल्यासारखी यायची. बाईंच्या खालोखाल सेवाज्येष्ठता त्यांचीच होती. ते माझ्यापासून लांबच राहायचे. "मुलांनी सरसकट हात लावणं मला योग्य वाटत नाही, बाई. मौल्यवान वस्तू आहे," असं ते म्हणाले तेव्हा बाईंनी फटकन उत्तर दिलं होतं, "देवस्थळी, देवळातसुद्धा लोक आधी कासवाला हात लावतात आणि मग देवाकडे बघतात." सगळी खोली हसली होती.

तरी एकदा मधल्या सुट्टीत सर आपणहून आले. चपला काढल्या, खुर्चीच्या कडेला बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मला जरा दाखवता?" त्यांना चौकोन काढायचा होता. चौकोन! ज्यांच्या हाताखालून हजारो चौकोन गेले होते त्यांना. त्यांनी वळायचा आकडा चुकीचा दिला. कासव तिरकं गेलं आणि पडद्याच्या बाहेर नाहीसं झालं. खिडकीतून बघणारी पोरं खदखदून हसली. "सरांचं कासव पळालं!" आणि मित्रांनो, मोठ्या बाईसुद्धा हसल्या. त्यात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच गंमत वाटली होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि "येतो," म्हणून उठले. पुन्हा कधी ते माझ्यासमोर बसले नाहीत. बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही. पुढचा वर्ग दारात उभा होता, आणि बाईंना एकेका मुलाचा हात माझ्यावर टेकवायची घाई होती. सगळं त्या स्वतःच करायच्या. किल्लीही त्यांच्याच कमरेला असायची.

दारात उभ्या असलेल्या त्या वर्गात मंजुळा होती. कोळीवाड्यातल्या दामाजीची मुलगी, आठवीतली, केसांना खोबरेल चोपडलेली, बोलायला लाजरी. पण माझ्यासमोर बसली की तिचा लाजाळूपणा कुठे जायचा कोण जाणे. बाकीची मुलं चौकोन-त्रिकोण काढत असताना तिनं कासवाकडून होडी काढून घेतली. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, अशी उचललेली की खाडीत पाहिलेली प्रत्येक होडी तिच्या बोटांत असावी. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिच्या आईला निरोप धाडला.

तिची आई जाईबाई बाजारातून मासळीची पाटी सहदेवाकडे ठेवून तशीच वर आली. दारात चपला काढल्या, हात जोडले आणि वाकून पडद्याकडे बघू लागली. होडीला ते लोक होरी म्हणतात आणि खाडीला खारी.

"बाई, ही होरी माजे मंजुलानं कारली?"

"हो, तिनंच काढली. एकटीनं."

जाईबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कोळणीची नजर ती. तिनं लगेच खोट काढली. "मंग हिला वल्हा कुठं हाय गो? बिनवल्ह्याची होरी खारीत घातली त भरती नेल तथं जाईल."

मंजुळा जीभ चावून हसली. बाईही हसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहे आईचं. पुढच्या वेळी आपण वल्हं काढू हं. तिरकी रेघ कशी काढायची ते दाखवते."

ती पुढची वेळ आली नाही. एकोणनव्वद साल होतं ते आणि त्याच महिन्याअखेरीला बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण "अजून आहे वेळ" असं म्हणता म्हणता माणसाचा वेळ संपतो. मंजुळाच्या वर्गाची पाळी ज्या दिवशी होती, त्याच दिवशी बाईंचा निरोप समारंभ ठरला. हारांच्या टोपल्या, शाल, नारळ, चांदीची समई हे सगळं सुरक्षित कुठे ठेवायचं, तर माझ्या खोलीत. माझ्या कळांवर झेंडूचे हार ओथंबले होते. मंजुळा दाराशी येऊन उभी राहिली, आत बघितलं आणि सभागृहाकडे निघून गेली. खाली बाईंचं कौतुक चाललं होतं, त्यांनी शाळेत नवं युग आणलं असं पाहुणे म्हणत होते, आणि इथे वर तिचं वल्हं राहून जात होतं. समारंभानंतर बाई किल्ली सोपवायला आल्या. "देवस्थळी, याला जपा," म्हणाल्या. किल्ली त्यांच्या हातात ठेवून त्या वळल्या, आणि वाक्य तिथेच थांबलं. पुढचा शब्द त्या बोलल्या असत्या तर!

देवस्थळी सर मुख्याध्यापक झाले. त्यांना वाईट म्हणू नका. दिलेला शब्द पाळणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना जपायला सांगितलं होतं, त्यांनी जपलं. शिवणकामाच्या बाईंकडून माझ्यासाठी मखमलीचं आवरण शिवून घेतलं. खिडक्या बंद केल्या. दाराला दुसरं कुलूप आलं. मग एके दिवशी बाबुराव सर रंगाचा डबा घेऊन आले, 'वापरा' या शब्दावर त्यांनी निळा हात फिरवला आणि वाळल्यावर तिथे लिहिलं, 'ठेवा'. पाटी झाली 'जपून ठेवा'. एकच तर शब्द बदलला. बाबुराव सरांनी तो इतका सुरेख काढला की आधीचा कुणाला आठवलाही नाही.

चपला मात्र तशाच निघत राहिल्या. नव्या वर्गांना रांगेनं आणून दारातून माझं दर्शन घडवायचे. "हा संगणक. लांबूनच बघा, हात लावू नका." मुलं हात जोडायची. पाहुणे आले की आवरण काढून मला दाखवायचे आणि पाहुण्यांच्या पाठोपाठ आवरण पुन्हा माझ्या तोंडावर यायचं. खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. बाईंच्या वेळीही व्हायची, पण पूजा संपली की त्या म्हणायच्या, "चला, आता शस्त्र चालवा," आणि पोरं तुटून पडायची. आता हळदकुंकू लागायचं, फुलं पडायची आणि दार बंद व्हायचं. कुंकू कळांच्या फटींत शिरून तिथेच घट्ट व्हायचं.

मंजुळा नववी, दहावीतही अधूनमधून यायची. चपला काढून कुलपाला हात लावायची. एकदा तिनं धीर करून सरांना विचारलं, "सर, माझा फक्त वल्हा राहिलाय. काढू?" सरांना काही कळलं नाही. "अगं, खराब झालं म्हणजे कोण भरून देणार? अभ्यास कर," असं ते मायेनंच म्हणाले. ती गेली. मी आतून जीव तोडून हाक मारत होतो, पण विजेशिवाय माझी हाक कोण ऐकणार?

मित्रांनो, एक गोष्ट सरांना कुणी सांगितली नव्हती. मी चालू असलो की माझं अंग गरम राहतं आणि गरम अंगावर ओल टिकत नाही. आमची शाळा खाडीला लागून. इथली खारी हवा लोखंडाची बिजागरं खाते, तिथे माझ्या आतल्या बारीक तारा त्या काय! बंद खोलीत, मखमलीखाली, हळदकुंकवाच्या वासात मी थोडा थोडा गंजत गेलो. कुठलं दुखणं कधी सुरू झालं ते माझं मलाही समजलं नाही. फक्त एका खंडेनवमीला जाणवलं की आता मला हाक मारावीशीही वाटत नाही.

सत्त्याण्णव साली शाळेचा रौप्यमहोत्सव झाला. बाई डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेल्या होत्या, तिथून त्यांना गाडीनं आणलं. पाऊल जड झालं होतं, पण आवाज तोच. मधल्या वर्षांत त्या दोनतीनदा येऊन गेल्या होत्या. त्यांना ऑफिसात चहा मिळायचा आणि "यंत्र अगदी सुखरूप आहे, बाई," असं उत्तर. त्यावर विश्वास ठेवून त्या परत जायच्या. या वेळी त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि थेट माझ्याकडे आल्या. दारात पाटी वाचली. पुन्हा वाचली. चपला काढून आत आल्या.

देवस्थळी सरांनी स्वतः आवरण काढलं. वरून मी नव्यासारखा दिसत होतो. "बघा, एक ओरखडा नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निरागस अभिमान होता की मलाच लाज वाटली. बाईंनी बटण दाबलं. मी सगळा जीव एकवटला. दिवा लागला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, तार हलवली, पुन्हा दाबलं. पडदा काळाच राहिला.

तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या. मंजुळा होती. अंगावर लग्नकार्याची साडी, हातांना मासळीचा वास. तिनं बाईंच्या पायांना हात लावला.

"काय करतेस गं हल्ली?" बाईंनी विचारलं.

"आयेबरोबर बाजारात बसते, बाई." मग म्हणाली, "दहावी झाल्यावर ठाण्याला एके ठिकाणी नोकरी मागायला गेलेली. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटर येतो का. मी बोलले, येतो, होडी काढता येते. सगळे हसले."

मासळी विकण्यात कमीपणा नाही, तिच्या आईनं त्यावरच घर उभं केलं. पण मंजुळा तिथे बसली ती तिनं निवडलं म्हणून नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना समजलं. 'सगळे हसले' हे शब्द ऐकल्यावर देवस्थळी सर खिडकीकडे बघू लागले.

मंजुळा माझ्यासमोर बसली. मी बंद आहे हे तिला दिसत होतं. तरी तिनं बोटं ठेवली आणि एकेक कळ दाबायला लागली. फॉरवर्ड. राइट. फॉरवर्ड. कुंकवानं घट्ट झालेल्या कळा कुरकुरल्या. इतक्या वर्षांनी तिला सगळी होडी पाठ होती, नाळेच्या वळणासकट. मी मेलेलो होतो, मित्रांनो, पण तिची एकेक रेघ मला आत उमटताना कळत होती. शेवटच्या कळीशी ती थांबली. बोट तसंच अधांतरी राहिलं.

"बाई," ती म्हणाली, "वल्हा ऱ्हायला."

मोठ्या बाई रडल्या. सगळ्या शाळेला धाक असलेल्या बाई माझ्या टेबलाला धरून लहान मुलीसारख्या रडल्या. मग डोळे पुसून त्या देवस्थळी सरांकडे वळल्या. आता यांना चांगलंच ऐकवणार असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "तुमचा दोष नाही हो. मी पोरांना शिकवत सुटले. तुम्ही एकदा आपणहून आला होतात आणि मी हसले. तुम्हाला शिकवायचं राहूनच गेलं."

रौप्यमहोत्सवाचं जेवण झालं, मंडप उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी सर एकटेच आले. समोर बसले आणि एका बोटानं एक कळ दाबली, मग दुसरी. चौकोन काढत होते. या वेळी वळायचा आकडा बरोबर होता. ते बघायला कुणी नव्हतं, आणि दाखवायला मी उरलो नव्हतो. त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले.

आता समोरच्या मोठ्या खोलीत नवे संगणक आले आहेत. नव्या मुख्याध्यापकांनी मला इथे आणून ठेवलं, त्याचं काही नाही, मेलेल्याला जागा किती लागते? वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "पाटी किती छान रंगवली आहे," म्हणून त्यांनी माझ्या दारावरची पाटी काढून त्या खोलीवर लावली. रोज मला दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज येतो. मी कान देऊन बसतो. कळांचा आवाज काही येत नाही.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही तेच सांगतो, पण माझी काळजी घेऊन मला मारणाऱ्यांसारखी घेऊ नका. वस्तू झिजली तर झिजू द्या. झिजलेली कळ म्हणजे कुणाचं तरी बोट तिथे पोचलं. आणि तुम्हाला काही शिकता आलं तर शेजारच्याला शिकवा, तो चुकला तर हसू नका. त्या एका हसण्यापायी एका मुलीची होडी अजून बिनवल्ह्याची आहे.

जाताना समोरच्या पाटीकडे जरा निरखून बघा. खाडीच्या हवेनं मला खाल्लं, तशी ती आता पाटीवरचा रंगही खाऊ लागली आहे. 'ठेवा'च्या निळ्या रंगाला पोपडे आले आहेत आणि त्याच्याखालून जुन्या 'वापरा'तला 'वा' दिसायला लागला आहे. आणखी काही वर्षांनी पुरता शब्द वर येईल. पण तुम्ही तोवर थांबू नका. नखानं खरवडा.